लाल चिठ्ठी सोडण्याबाबत

भोसरी, मंगळवार

प्रिय मित्र दस्तगीर यास दत्तोबाचा नमस्कार आणि सलाम, दोन्ही.

तुझ्या नातीच्या, कशफच्या निकाहचं कार्ड येऊन चौदा महिने झाले आणि मी आज उत्तराला बसलोय, याची आधी माफी. कार्ड हरवलं नव्हतं. देवघरातच ठेवलं होतं, रोज दिसायचं, म्हणून रोज लाज वाटायची. (आठवी नापास माणसाला पत्र लिहिणं म्हणजे काय, तुला माहीत आहे, कंपनीत माझे रजेचे अर्ज तूच लिहायचास. कार्डावरचा फोन दोनदा लावला. तू ‘हॅलो’ म्हणालास आणि मी ठेवून दिला. तो मीच.) तुझी साखर कशी आहे? वहिनींचे गुडघे? माझं बीपी चढलेलं आहे, डावा कान जवळजवळ गेला, आणि मिरजेचा तुझा पत्ता बदलला असेल की काय या काळजीनं काल जेवणही गेलं नाही. बदलला असेल तर तसं लगेच कळव.

तर झालं असं, की आमच्या सूनबाई रुपाली यांनी इथं एमआयडीसीत गाळा घेतलाय. तिथं ती गिटारवाल्यांसाठी साबणाच्या डबीएवढ्या पेट्या बनवते. गिटारची वायर पेटीत, पेटीची अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आणि बटण पायानं दाबलं की आवाज बदलतो. (पायानं का? तर हात गिटारवर असतात म्हणून. मीही विचारलं होतं.) मागच्या आठवड्यात ती रंगाला दिलेल्या पेट्या आणायला चाकणला गेली. जाताना म्हणाली, “बाबा, नुसतं बसा. कशाला हात लावू नका.” एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेल्या माणसाला बत्तीस पेट्यांसमोर नुसतं बसवायचं, हे तूच सांग, कसं जमावं? मी तार छेडून एकेक तपासायला घेतली. बटण दाबलं की आवाज फाटे. पहिली फाटली, दुसरी फाटली, एकतीस फाटल्या. मला घाम फुटला, पोरीचा सगळा माल बाद! माझ्या जुन्या ट्रंकेत खात्यातल्या, बाद मालाला बांधायच्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा अजून आहे. घरी जाऊन तो आणला, एकेकीला बांधली, कारण लिहिलं ‘आवाज फाटतो’, खाली सही. एकच पेटी स्वच्छ वाजली. तिला पास मालाची हिरवी बांधून गणपतीच्या फोटोपुढं ठेवली.

रुपाली आली, बघितलं आणि मटकन स्टुलावर बसली. “बाबा, ती हिरवी तेवढी बिघडलीय.”

मग तिनं समजावलं. परदेशात काही कारागीर म्हणे हातानं, वर्षाला दहा-बाराच अ‍ॅम्प्लिफायर करतात. त्यांचा आवाज चढवला की सूर कडेला फाटतो, आणि त्या फाटण्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. ज्यांना तो मिळत नाही त्यांच्यासाठी ही पेटी, त्याची नक्कल करणारी. मी म्हणालो, फाटका आवाज मुद्दाम कोण घेईल? तिनं गिटार उचलली, बटण दाबलं आणि एक सूर लांबवला.

दस्तगीर, तो तुझा आवाज होता.

एकोणऐंशीची खंडेनवमी. पॅकिंगच्या फळ्यांचं खोकं, जळक्या रेडिओचे व्हॉल्व्ह, आणि सहा महिन्यांचे सगळे रविवार घालून तू हातानं केलेला अ‍ॅम्प्लिफायर. मशिनांची पूजा झाली, शेडमध्ये सगळी कंपनी जमली, तू गिटारवर गाणं वाजवायला लागलास आणि तिसऱ्या ओळीला सूर भरून येऊन फाटला, गळा दाटलेला माणूस बोलायला जातो तसा. मी उठलो, प्लग काढला आणि खिशातली लाल चिठ्ठी सगळ्यांदेखत तुझ्या खोक्याला बांधली. लोक हसले. मी हसलो. तूही हसलास, ते सगळ्यात वाईट. त्यानंतर तू कधी वाजवलं नाहीस आणि वर्षभरात मिरजेला गेलास. वडिलांच्या दुकानासाठी गेला, असं मी स्वतःला सांगत आलो.

रुपालीनं विचारलं, डोळ्यांत काय गेलं? मी म्हणालो, सोल्डरचा धूर. (सोल्डरिंग बंद होतं.) मग म्हणाली, “असला खरा, हातानं केलेला, तुम्ही कधी ऐकलाय?” मी मान हलवली. “कुठंय तो?”

“मी रिजेक्ट केलाय,” म्हणालो.

आता दुपारी ती जेवायला गेली की मी हळूच बटण दाबतो आणि एक तार छेडतो. पुष्कळ जवळ जातं. पण पेटीला चौथी ओळ येत नाही. ती मी ऐकलीच नाही, कारण प्लग माझ्या हातात होता.

वहिनींना नमस्कार, कशफला आशीर्वाद.

तुझा
दत्तोबा

ता. क. : ते खोकं आहे का अजून? वहिनींनी त्यात कांदे भरले असतील तर राहू देत, फक्त आतलं काही पुसू नका. रुपालीला त्याची मापं हवी आहेत. त्या आवाजाची पेटी करून वर तुझं नाव घालायचं म्हणते.

ता. क. दुसरा : मापांचं मी मनानं लिहिलं. रुपालीनं काही मागितलेलं नाही. मलाच ऐकायचंय.

ता. क. तिसरा : खात्याचा नियम तुला ठाऊक आहे. ज्यानं लाल बांधली त्यानंच ती सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणजे मलाच यावं लागणार. हिरवी लिहून ठेवली आहे, सही केली आहे, तारखेची जागा मोकळी आहे. चौथी ओळ तुला आठवते का, एवढंच एका ओळीत कळव. उजवा कान अजून चालतो, तो चालतोय तोवर कळव.