यादीतली सुशीलाबाई

२ नोव्हें., रवि.
चर्चमधे आजाऱ्यांची यादी वाचली. शमुवेल सेक्रेटरी एकेक नाव घेतो, मंडळी म्हणते, प्रभू, आमची विनंती ऐक. चौथं नाव माझ्या नवऱ्याचं. सातवं भगिनी सुशीलाबाई, गुडघेदुखी. सगळे म्हणाले, ऐक. मीही म्हटलं.
मंग अंगावर काटाच आला. सुशीलाबाई एप्रिलमधे वारली! शेवटची आंघोळ तिले मीच घातली. पांढरं पातळ मीच नेसवलं. याच सगळ्याईनं मूठ मूठ माती टाकली. अन् तेव्हापासून दर रविवारी तिचे गुडघे बरे कर म्हणून राह्यलो. सात महिने. मी धरून.
जेवण गेलं नाई.

३, सोम.
तेच डोक्यात. मेलेल्या बाईचं नाव कोणाच्या ध्यानात येत नाई, तर यांचं तरी कोण मनापासून घेते? हे पडले त्याले दोन वर्षं झाले. उजवं अंग गेलं, जीभ जड. नाव दर रविवारी निघते, माणूस एक येत नाई. चर्चपासून बोरगावातलं आमचं घर काई लांब नाई. कूस बदलायले हात लावते ते शेजारची वंदना. ती बुद्धविहारात जाते.

५, बुध.
बुधवारची प्रार्थना. सासू सांगे, पयले बाकं पुरत नव्हते. आज मी एकटी. बाजूच्या खोलीत चर्चच्या शतकमहोत्सवाची मीटिंग, माणसंच माणसं. फेटे कोणत्या रंगाचे यावर भांडून राह्यले होते.
गेली आत. म्हटलं, सुशीलाबाई मरून सात महिने झाले.
शमुवेल भाऊ म्हणे, "अवो रूथबाई, जुनी टाईप केलेली यादी हाये. नवीन काढतो न."
"यादी नवीन काढसान. ध्यान कुठून काढसान?"
मागून कोणीतरी, "स्वर्गात कायचे गुडघे दुखते तिचे!" सगळे हसले. मलेही हसू आलं, त्याचाच राग जास्त.
चर्चचे पाळकसाहेब समजावत म्हणे, "बाई, मनात काय आहे ते देवाला कळतं."
म्हटलं, "त्याचंच तर भेव वाटते, साहेब. ऐक म्हणतानी माझ्या मनात वांग्याची भाजी होती."
अन् वर म्हटलं, पुढच्या बुधवारी माझ्या घरी या. यादी नका आणू. माणसाजवळ बसा.
"येऊ न, नक्की येऊ."

१२, बुध.
सकाळीच यांची दाढी करून दिली. नवा सदरा. सतरंजी टाकली, वंदनाच्या घरून खुर्च्या आणल्या. चार वाजता सांगतलं होतं.
सहाले शमुवेल भाऊचा फोन. फेटेवाला आला म्हणे, सगळे तिकडंच अडकले. "समजून घेजो, बाई."
वंदना खुर्च्या न्यायले आली. "काऊन ताई, कोणी आलंच नाई?"
म्हटलं, तारीख बदलली. खोटं बोलली. यांनी ऐकलं. तोंड भिंतीकडं केलं.

१६, रवि.
यादीच बंद! पाळकसाहेब म्हणे, चुका होतात, लोकांची मनं दुखतात, म्हणून यापुढं "सर्व आजारी जनांसाठी" एकदाच विनंती. एका दमात उरकलं. लगेच महोत्सवाच्या सूचना.
बाहेर शमुवेल भाऊ म्हणे, "झालं न तुमच्या मनासारखं?"
चपला घातल्या अन् निघाली.
माझ्या तोंडापायी यांचं नावही गेलं.

१९, बुध.
चर्चमधे गेली नाई. यांना खरं ते सांगतलं. नाव बंद झालं, माझ्यानं झालं. वाटलं रडतीन. नाई रडले. जड जिभेनं म्हणे, "मंग... तू घे."
खाटेजवळ बसली. प्रभू, म्हटलं. पुढं काई येईच ना. आठवे ते सगळं पाठ केलेलं, चाळीस वर्षांचं, ते तोंडातून काढायची आता लाज वाटते. अन् आपलं असं काई...
परत म्हटलं, प्रभू. परत तेच.
"थांबा जरा," म्हटलं यांना.
थांबले हायेत. डोळे मिटून. माझं मनगट धरून ठेवलं डाव्या हातानं, सोडत नाई. मी दुसऱ्या हातानं हे लिहून राह्यली.