वाढणाऱ्याचं ताट

आई, काल दुपारी मी उल्हासनगरमधल्या एका बेघर निवाऱ्यात जेवले. मंचावरच्या पाहुण्यांसाठी बाहेरून मागवलेलं नाही, तिथे राहणाऱ्यांना रोज जे मिळतं ते. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो विचारेल, भाषण कसं झालं. तू विचारलं असतंस, "चालवणारा जेवला का?"

तुझी अंबरनाथच्या कारखान्यातली ती कॅन्टीन मला अजून दिसते. शाळा सुटली की मी मागच्या दाराने आत शिरते, तुझा पदर खोचलेला, चेहरा वाफेने ओला. तिथे तुला आधी भांडी घासायला घेतलं होतं. आपल्या हातचं काहींना चालत नव्हतं. तोंडावर कुणी म्हणत नसे, फक्त घरून डबे यायचे. मग आचारी सोडून गेला, भूक सोवळ्यापेक्षा मोठी निघाली आणि तू शेगडीपाशी आलीस. आल्या आल्या एक रीत घातलीस: वाढणाऱ्याचं ताट पंगतीतच लागणार. आधी काढून ठेवलेलं नाही, शेवटी खरवडलेलं नाही. त्याच पातेल्यातलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. "माझ्या हातचं ज्याला नको त्याच्याशी माझं भांडण नाही," तू म्हणायचीस. "जो दुसऱ्याला खाऊ घालतो नि स्वतः खात नाही, त्याच्याशी आहे."

ठेकेदाराने एकदा किडकी तूरडाळ पाठवली. "धुऊन घ्या बाई, फोडणी कडक मारा, कोणाला कळत नाही," असं म्हणून तो खुर्चीवर टेकला. तू त्यातली वाटीभरच शिजवलीस, ताट वाढलंस आणि त्याच्यापुढे ठेवलंस. "आधी तुम्ही, शेठ." तो म्हणाला, घरून जेवून आलोय. "मग पोतं पण घरी न्या. उद्या जेवाल." कामगारांनी ताटांवर चमचे वाजवले. डाळ बदलली. तुलाही बदललं, पुन्हा भांड्यांवर. मला वाटलं तू रडशील. तू घरी पिठलं ढवळत हसत होतीस. "बरंय. जेवण कसं झालं ते तोंड सांगत नाही, ताट सांगतं. आता सगळ्यांची ताटं माझ्याच हाताखालून जाणार."

तू मला एकदाच लागेल असं बोलली आहेस. कॉलेजात गरिबीवर बोलून मी ढाल जिंकली, घरी आणली, टीव्हीवर ठेवली. तू ती पुसलीस आणि विचारलंस, "ज्यांच्यावर बोललीस त्यातलं कोण होतं तिथं?" मी तोऱ्यात म्हणाले, "तू होतीस ना." "मी मागं उभी होते," तू म्हणालीस. "खुर्च्या संपल्या होत्या."

त्यानंतर किती मंच झाले, आई. जयंतीचे, कामगारांचे, ग्रंथालयांचे. पुस्तकं वाचून वाचून डोळे अधू झाले, आवाज मात्र तसाच राहिला. त्या आवाजामुळेच मला या निवाऱ्याच्या देखरेख समितीवर घेतलं. निवारा एक संस्था चालवते. आम्ही पाहणीला जायचो तेव्हा सगळं झकपक असायचं: पलंगांवर कडक इस्त्रीच्या चादरी, फिनेलचा वास, भिंतीवर जेवणाचा तक्ता. माणसं मात्र कमी दिसायची. "कामाला गेलेत, मॅडम," व्यवस्थापक सांगायचा.

मग गेल्या पाहणीला एक आजी दारातच बसून राहिली. पालेगावला ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीकांवर तिने डोक्यावरून विटा वाहिल्या. नवरा तिथेच गेला, काम संपलं तसं साइटवरचं पत्र्याचं खोपटंही गेलं. घोट्यावर जखम, वर मळकं फडकं. मी विचारलं, बरं आहे ना इथं? तिने आत पाहिलं आणि मोठ्यानेच म्हणाली, "पाहुणं आलं की चादर येती, बाई. पाहुणं गेलं की चादर जाती. आन् चादर आली की आमाला भायेर काढत्यात, मळंल म्हून."

समजलं ना तुला? पाहणीच्या दिवशी बेघरांना निवाऱ्यातून बाहेर काढत होते, निवारा नीटनेटका दिसावा म्हणून. आणि मी त्या रिकाम्या पलंगांमधून फिरून समाधानाने मान डोलवत होते. त्या दिवशी मी कपाट उघडायला लावलं, आत रोजच्या वापराची एकही चादर नव्हती; आजी खरं बोलत होती. बायकांच्या बाजूचा संडास कुलपात होता. आजीच्या जखमेकडे नर्स फिरकली नव्हती. मी जाब विचारला, व्यवस्थापकाने सगळं "होऊन जाईल" म्हणून सांगितलं. काल वर्धापनदिनाला मला प्रमुख वक्ती म्हणून बोलावलं. मी गेले, तर फाटकाशी आजी उभी. पायाशी तिची पिशवी.

"काय झालं, आजी?"

"शिस्त मोडली म्हनं म्या. कारेक्रम झाला की जा म्हनले."

"कुठे?"

"ते त्यांनी नाही सांगितलं. तुमी इचारा, तुमचा आवाज मोठा हाय."

आत मांडवात खुर्च्या भरलेल्या होत्या: देणगीदार, संस्थेचे लोक, पुढच्या रांगेत निवाऱ्यांचं काम पाहणारे एक अधिकारी. निवाऱ्यातली माणसं कंपाउंडबाहेर भिंतीच्या सावलीत. त्यांची पंगत पाहुणे गेल्यावर. मला तुझा आवाज ऐकू आला, खुर्च्या संपल्या होत्या. माझ्या हातात माइक दिला तेव्हा तयार भाषण पर्समध्येच राहिलं. मी म्हणाले, आज मी बोलणार नाही. आज मी जेवणार आहे. यांच्या पातेल्यातलं, यांच्यासोबत. आणि जो हे घर चालवतो तो माझ्या शेजारी बसेल. मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी हसून टाळी वाजवली, त्यांना वाटलं भाषणाची ही नवी सुरुवात आहे. मी माइक ठेवला, मंचावरून उतरले, फाटक उघडलं, आजीचा हात धरून तिला आत आणलं. तिच्या मागून सगळे आले.

व्यवस्थापक धावत आला. "मॅडम, क्या कर रहे हो आप? पाहुण्यांचं जेवण वर लावलंय, पनीर आहे."

"पनीर राहू द्या. बसा."

"माझा गुरुवार आहे, मॅडम. उपास."

आजी जमिनीवर टेकता टेकता म्हणाली, "मागल्या गुरवारी माज्यासमोर दोन वडापाव हानले की, भाऊ. देव बदलला का?"

आई, असा हशा माझ्या कुठल्या सभेत झाला नाही. भिंतीपाशी बसलेली माणसं हसत होती आणि थांबत नव्हती. अधिकारी उठले, माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, लेखी तक्रार द्या ना, मी बघतो." मी म्हणाले, "देणार, साहेब. पण कागदाला चव नसते. बसा." फाटकाशी पडलेली आजीची पिशवी दाखवून तिला आजच काढताहेत हेही मी सांगितलं. मग, त्यांच्याबद्दल हे सांगायलाच हवं, ते बूट काढून बसले. पिवळं पाणी वाढलं, त्यात डाळ शोधावी लागत होती. भात आंबूस. त्यांनी एक घास घेतला, चावला, कसाबसा गिळला. व्यवस्थापकाकडे न बघता म्हणाले, "आजींची पिशवी आत ठेवा. तुम्ही स्वतः ठेवा." सगळ्यांच्या देखत तो फाटकाशी गेला आणि पिशवी उचलून आणली. संडासाचं कुलूपही तेव्हाच निघालं. किल्ली त्याच्याच खिशात होती.

आज सकाळपासून फोन येताहेत. कार्यक्रमाचा विचका केलात. संस्था निदान काही तरी करते. रस्त्यापेक्षा बरं नाही का? हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त चीड आणतं. रस्त्यापेक्षा बरं, हे काय माप झालं? मग तुला भांड्यांवर ठेवणारेही म्हणत असतील, उपाशी मरण्यापेक्षा बरं. मी सगळ्यांना एकच सांगितलं: जे तुमच्या आईला वाढणार नाही ते कुणाच्याही आईला वाढू नका, आणि वाढलंत तर शेजारी बसून खा. देखरेख म्हणजे याहून वेगळं काही मला माहीत नाही. समितीवरून मला काढतील बहुतेक. काढू देत. फाटक उघडायला समिती लागत नाही. पिशवी काल आत गेली, उद्या पुन्हा बाहेर दिसू शकते, म्हणून मी सोमवारी जाणार आहे. न सांगता, जेवणाच्या वेळेला.

हे लिहून झालं की तुझ्या पितळी डब्यात ठेवीन, तू गेल्यापासून लिहिलेल्या बाकीच्या पत्रांबरोबर. पण एक गोष्ट मी कालपासून कुणालाच सांगितलेली नाही. एवढं सगळं बोलून मी पंगतीला बसले आणि तिसऱ्या घासानंतर ते अन्न मला खाववेना. ताट अर्ध्याहून जास्त तसंच राहिलं. आजी बघत होती. कुणाला दिसू नये अशा बेताने तिने माझं ताट आपल्याकडे ओढलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. सवय नाही तुमाला." आणि तिने ते चाटूनपुसून संपवलं.