ओटीतलं शेत

१९ ऑक्टो. ७८
वांगी तोडून मंगरूळपीरच्या बाजारात. आमचे अडते नारायणशेठ गप्प गप्प. मग यांना आत बोलावलं. शेठच्या बायकोची, ताराबाईंची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत. मुंबईला दुसऱ्याचं एक काढून बसवतात म्हणे. मागं बाजारातल्या माणसांचं रक्त तपासलं ते यासाठीच. यांचं जुळलं. बदल्यात शेठचं नाल्याकाठचं शेत, विहिरीसकट.
हे म्हणतात, "दोन असतेत, एकावर भागते."
म्हटलं, "बैलजोडीचं भागते का एकावर?"

२४ ऑक्टो.
ताराबाईंचा सख्खा भाऊ रिसोडला असतो. तो तयार होता, त्याच्या बायकोनं नाही म्हटलं. लोक तिला नावं ठेवतात. मी नाही ठेवत.
आमच्या विहिरीला संक्रांतीनंतर पाणी नसतं, उभे वाफे वाळतात. खोटं कशाला लिहू? मला ते शेत हवंय. आणि नवराही सबंध हवाय.

२८ ऑक्टो.
डॉक्टर फक्त नात्यातल्याचं घेतात. शेठ म्हणाले, "भाऊ हाय म्हून सांगू. भाऊबीजेले ओवाळून घेऊ, म्हंजे खोटंबी नाई." हे कबूल.

२ नोव्हें., भाऊबीज
शेठच्या घरी. ताराबाईंचे हात सुजलेले, ताट शेठनंच खालून धरलं. ओवाळून झालं. यांनी ताटात खण घातला. मी माझ्या चोळीसाठी आणलेला! मग शेठ शेताच्या कागदांचं बोलले, तर हे म्हणतात,
"आता कायचं शेत? भाऊ बहिनीले देते. तिच्याकून घेत नाई."
शेठ चाट पडले. मीही. डॉक्टरसाठी केलेलं सोंग यांनी खरं धरलं.

३ नोव्हें.
"शेत नाई घ्याचं, तं मंग आंग कापून कायले द्याचं?"
"ओवाळून घेतलं न मी."
रागात भाकरी करपली. यांनी तीच खाल्ली.

५ नोव्हें., रविवार
ताराबाई स्वतः आल्या, दारापर्यंत येताना दोनदा बसल्या. हे मळ्यात होते. मला म्हणाल्या, "वैनी, पदर पसरा." ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. म्हणाल्या, "भाऊ घेत नाई, तं वैनीनं घ्यावं. शेत तुमच्या नावावर करतो. उद्या कचेरीत या, सही करा. तुमी नाई म्हटलं, तं मी त्याईले मुंबईले नेनार नाई."
भरलेली ओटी परत देता येत नाही. त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. पण सही केली, तर विकणारी मी ठरते. नाही म्हटलं, तर ती बाई...
यांना अजून सांगितलं नाही. उद्या संध्याकाळी मुंबईची गाडी. पिशवी भरून झाली. म्हणाले, "पाठीले जरा तेल लावून दे." लावलं. डाव्या कुशीवर, जिथून काढणार तिथं, हात थांबला.
"काय झालं?"
"काई नाई," म्हटलं.