पडद्यावरच्या नदीला नमस्कार

तलवाडा
मार्गशीर्ष वद्य ४, शुक्रवार
शके १८४७, सरकारी फसली १३३५

तीर्थरूप दादास,

आसारामचा नमस्कार. आधी साष्टांग नमस्कार लिहिला होता. मग वाटले, तुमच्या येशूच्या धर्मात माणसापुढे कोणी आडवे होत नाही. म्हणून पान बदलले. शिवकन्यावहिनींना नमस्कार, चिमुकल्या मनकर्णेला आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. कापसाच्या दोन वेचण्या झाल्या. ज्वारी पोटऱ्यात आहे. आईच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. जेवते.

बुधवारी बंकटच्या कापसाच्या गाडीबरोबर जालन्यास धाडलेले पत्र पोचले असल्यास फाडून टाक. त्यात मी लिहिले होते की पाटलांनी परवानगी दिली, वहिनींना व मनकर्णेला घेऊन अमावास्येच्या आत गावी ये. येऊ नकोस. हे आधीच लिहून टाकतो, नाही तर पुढचे लिहिताना राहून जाईल.

परवानगी कशी मिळाली ते त्या पत्रात घाईमुळे लिहिले नव्हते. दत्तजयंतीच्या बाजाराला इथे सिनेमाची कंपनी आली. नदीकडच्या पडीत तंबू ठोकला. चित्रे हलतात, बोलत नाहीत. मधूनमधून इंग्रजी अक्षरे येतात. मालक सिकंदराबादचा, हिंदुस्तानी बोलणारा. ती अक्षरे लोकांना मराठीत समजावून सांगायला त्याला मोठ्या आवाजाचा माणूस हवा होता. देवळात पोथी मी वाचतो, म्हणून गावाने माझे नाव सांगितले.

मालकाने दुपारी बसून सगळी कथा मला सांगितली. मी ती अकरा पानांवर उतरून घेतली. लोकांचे नाव 'मॉर्मन' असे आहे. ते दोनदा विचारून घेतले. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या मुलाला देवदूत दिसतो आणि टेकडीत पुरलेली सोन्याची पाने दाखवतो. पानांवर धर्मग्रंथ असतो. काही लोक त्याच्या मागे जातात. बाकीचे त्यांची घरे जाळतात, त्याला तुरुंगात गोळ्या घालतात. उरलेले लोक गाड्या जोडतात आणि बर्फातून शेकडो कोस चालत एका खाऱ्या तळ्याकाठी जाऊन राहतात.

दादा, ऐकतानाच मला तुझी गाडी दिसू लागली. पाच वर्षे झाली. तू सामान बांधत होतास आणि कोणी दोर देईना. मी पंधरा वर्षांचा होतो, दाराआड उभा होतो. दोर माझ्या हातात होता.

तर मी ठरवले की ही कथा अशी सांगायची की गावाला त्या लोकांचा कळवळा यावा. पाटलांना काही पटवण्याइतकी माझी ऐपत नाही, पण पोथीच्या आवाजात सांगितलेले लोक ऐकतात. फक्त एक गोष्ट गाळली. ते येशूला मानणारे आहेत हे मी सांगितले नाही.

मंगळवारी दिवेलागणीला पहिला खेळ झाला. पाटील आप्पाराव पुढे खुर्चीवर. सोन्याची पाने निघाली तेव्हा मागून कोणी ओरडले, "जमिनीतलं सोनं सरकारजमा व्हतं! तहसिलीत वर्दी दिली का त्यानं?" सगळे हसले. पुढे एका माणसाच्या घरात चार बायका दिसल्या. मी गप्प राहणार होतो, पण हा कोण, त्या कोण, असे लोक विचारू लागले. म्हणालो, त्यांच्यात अशी चाल होती. लगेच आवाज आला, "पाटील, तुमच्या परीस दोन जास्त हायत की!" पाटीलही हसले. "एका घरात चार? जेवायला तरी मिळत आसंल का बे त्याला?"

मग नदी आली. पांढरे कपडे घातलेली माणसे एकामागून एक पाण्यात उतरतात, आणि एकजण त्यांची मान धरून बुडवून वर काढतो. मी म्हणालो, "हे लोक तीर्थात स्नान करून शुद्ध होत आहेत." बायकांनी हात जोडले. पोथीत अध्याय संपला की जसे करतात तसेच कोणी बुक्का उधळला. पाटलांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि पडद्याला नमस्कार केला.

शेवटी वाटेत एक मूल मरते. बर्फ खणून त्याला पुरतात आणि गाड्या पुढे निघतात. आई धनगराच्या चतुराबाईजवळ बसली होती. चतुराबाई मोठ्याने रडू लागली. "माझी लेक बी आशीच वाटंत ठिवली, आत्याबाई. मेंढरं थांबत न्हाईत ना कुणासाठी." सगळा तंबू नाक पुसत होता. आईला पडदा दिसत नाही. तिने सगळे माझ्या तोंडून ऐकले आणि तीही रडली.

बुधवारी सकाळी तिने मला पाटलांच्या ओसरीवर न्यायला लावले. म्हणाली, "काल ज्यांच्यापायी रडलात, तसाच माझा सुंदर हाय, पाटील. त्यानं कुणाचं काय घेतलंय?" पाटलांनी पान जमवून तोंडात घातले. मग म्हणाले, "येऊ द्या. पाणी येगळ्या आडावर भरंल. ऱ्हाऊ द्या त्याला." आईने वाटेभर माझा हात सोडला नाही. तुझे पत्र मी त्या दुपारी लिहिले.

संध्याकाळी दुसरा खेळ होता. लोक कालचेच, आणि शेजारच्या गावांचेही. नदीसाठी कोणी झेंडूचा हार आणला होता. चतुराबाईचा नवरा तात्याबा आदल्या दिवशी मेंढरांमागे होता, तो आला होता. नदी दिसताच तो उठून उभा राहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. ओळखीचे दिसले म्हणून त्याला आनंद झाला होता.

"आरं, हे तर सुंदरचं हाय! राक्षसभुवनाच्या डोहात पादऱ्यानं त्याला आशीच मान धरून बुडीवली व्हती. म्या मेंढरं पाजत व्हतो, म्या ह्या डोळ्यानं बघितलं!"

मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजे काल पाटील बी बाटले म्हना की." आणि हशा पिकला. आधीचा हशा आणि हा हशा एक नव्हता.

पाटील उठले. "आसाराम, खरं सांग बे. कोन हायत हे?"

मालक यंत्राचा दांडा फिरवतच होता. माझ्या मागे पडद्यावर मशाली घेतलेली माणसे आली होती. मी खरे काय ते सांगितले.

एवढेच लिहून पत्र संपवावे असे वाटले होते. पण ते पुरते खरे नाही. हे येशूचे लोक आहेत, एवढे सांगून मी थांबलो असतो तर बरे होते. मी थांबलो नाही. म्हणालो, "हे बाटगे आहेत. मशाली घेतलेले लोक चांगल्या घरचे आहेत, आपला धर्म राखायला निघाले आहेत." घर पेटले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काल याच घरासाठी बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. कागद माझ्या हातात होता, पण वाचत नव्हतो. एक एक गोष्ट उलटी करून सांगत होतो, आणि आवाज पोथीचाच होता. मुलाला पुरताना म्हणालो, "देवाने यांना शिक्षा केली." लोक हसले. दादा, त्या मुलाच्या खड्ड्यावर हसले.

आईने चतुराबाईला विचारले, "कालचंच हाय का गं हे?"

चतुराबाई म्हणाली, "कालचंच हाय, आत्याबाई."

मी पडद्याजवळ उभा होतो, आणि दोघींचे बोलणे मला ऐकू आले. चतुराबाई उठून गेली. आई शेवटपर्यंत बसली.

खेळ सुटल्यावर पाटलांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. "ऐनवेळी सावरलंस. पोरगं आपलं हाय."

काल सकाळी त्यांच्या गड्यांनी तुझ्या दोन खणांच्या घराच्या छपराची सरे आणि तुळया काढून नेल्या. भिंती उभ्या आहेत. वेशीवर सांगून ठेवले आहे की सुंदरची गाडी दिसली तर बैल सोडून घ्यायचे, माणसांचे काय करायचे ते मग बघू. हे मी ऐकीव लिहीत नाही. सांगताना मला जवळ बसवले होते. मी मान डोलावली.

आई काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी बोलली.

"सुंदरला पत्र लिही. लिही, आई मेली."

मी म्हणालो, असे कसे लिहू? ऐकून तर तो नक्की येईल.

"न्हाई यायचा. त्याला खांदा देऊ देनार न्हाईत, आग्नी देऊ देनार न्हाईत, हे त्याला ठाऊक हाय. म्या जित्ती हाय म्हनून त्याचा जीव इकडं हाय. मेले म्हनलास की सुटंल."

मी दोन वेळा ते वाक्य लिहिले. अक्षर चांगले आले होते. दोन्ही कागद चुलीत घातले आणि आईला सांगितले की लिहिले. तिने विचारले, "वाचून दाव." मी कोऱ्या कागदावरून ते वाक्य वाचून दाखवले. तिने मान हलवली.

तर आई आहे. पण तू ती नाही असेच धर. हे पत्र उद्या दुसऱ्या गाडीने निघेल. तू आधीच वाटेला लागला असशील तर मी काय करू शकतो, याचा मी पुष्कळ विचार केला. वेशीवर माझ्याच्याने पुढे होववणार नाही. हे तुला आधी माहीत असलेले बरे.

उत्तर पाठवू नकोस. आले तर आईला ते मलाच वाचून दाखवावे लागेल, आणि कागदावर जे आहे तेच मी वाचतो असे ती आता मानणार नाही.

तुझा म्हणवत नाही,
आसाराम