न बांधलेल्या जिन्याची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर सुतारकाम केलेला, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर आणि हात थोडाच थरथरत असताना, माझ्या मागे काय कोणाचं हे लिहून ठेवतो. कोणी दटावलं म्हणून लिहीत नाही, असं लिहायचं असतं. मुलगी सहा वर्षं "लिहा" म्हणते आहे, पण काय लिहा ते एकदाही बोलली नाही. वकीलसाहेब म्हणाले, मग चालतं.

यापूर्वी चार वेळा सुरुवात केली होती. ते चारही कागद रद्द समजावेत. प्रत्येकावर एकेकच ओळ आहे.

कलम १. राहतं घर, खाली दोन खोल्या आणि वर एक, संपूर्णपणे मुलीचं. वरच्या खोलीत ती शिवणाचा वर्ग घेते. आईचं आजारपण तिनेच काढलं, आता माझं काढते आहे. थोरल्या मुलाने मन दुखवून घेऊ नये. त्याचं घर मी हयातीतच करून दिलं, दारं-खिडक्यांसकट. येतो तेव्हा छताकडे बघत म्हणतो, "बाबा, विकून मोकळे व्हा ना." मी सही न करता गेलो तर तो विकेल, आणि पोरगी शिलाई मशीनसकट रस्त्यावर येईल. ही धास्ती मला रोज पहाटे उठवते, आणि दुपारपर्यंत मी तिला उद्यावर ढकलतो.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी. थोडी आहे. तिच्यावरून भांडू नये, लोक हसतील.

कलम ३. वरच्या खोलीला जिना नाही. एकतीस वर्षं शिडीच आहे. घर बांधताना गवंड्याने विचारलं होतं, "मिस्त्री, सिमेंटचा जिना टाकून देऊ?" मी म्हणालो, "सुताराच्या घरात सिमेंटचा जिना? लोक तोंडात शेण घालतील." त्याच आठवड्यात सागाच्या फळ्या आणून भिंतीला टेकवल्या. म्हटलं, लाकूड जरा वाळू दे. ओलं कापलं तर पुढे वाकतं, हे खोटं नाही. पण ते लाकूड दोन वर्षांत खडखडीत वाळलं होतं. पुढची एकोणतीस वर्षं काय वाळत होतं, ते मला विचारू नये.

गुडघे गेल्यावर बायको वर चढली नाही. शेवटची नऊ वर्षं ती शिडीला धरून उभी राहायची आणि विचारायची, "काय गं, आज काय दिसतंय वरून?" मुलगी खिडकीतून बघून सांगायची, कोणाचे कपडे वाळतायत, कुठल्या झाडावर घरटं झालंय. मी शेजारी बसून पटाशीला धार लावत असे. ती मला एकदाच म्हणाली, "अहो, धार पुरे झाली." ओरडली असती तर बरं झालं असतं.

रद्द केलेल्या चौथ्या कागदावरची ती एकच ओळ अशी होती, "चौदा पायऱ्यांचा सागवानी जिना मुलीस द्यावा." वकीलसाहेबांनी चष्मा वर केला. "कुठे आहे जिना?"

"करायचा आहे."

"आजोबा, नसलेली वस्तू कुणाला देता येत नाही." आणि लाल शाईने रेघ मारली. एकतीस वर्षांत त्या जिन्यासाठी मारलेली तेवढी एकच रेघ कामाची निघाली.

घरी येऊन मुलीला सांगितलं, उद्यापासून जिन्याला हात घालतो. ती कापड कापत होती. वर न बघता म्हणाली, "जिना नका करू, बाबा. एक पायरी करा. चहा होईपर्यंत." आणि उठून तिने आधण ठेवलं. मी करवत काढली. फळ्यांवर माझ्याच पेन्सिलच्या खुणा होत्या, सात वेळा घेतलेली मापं, एकावर एक. सातही वेळा सारखीच.

चहा गार झाला, पायरी कापून झाली. हुरूप वगैरे काही आला नाही, हे इथे नोंदवतो. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघत होतो. खांदा दुखला, एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा आधण ठेवलं. हे मृत्युपत्रही तसंच झालं, एका चहाला एक कलम.

कलम ४. करवती, रंधे, गुण्या आणि पेटी मुलीकडे राहावी. गंजू देऊ नये, कोणी मागितलं तर वापरायला द्यावं.

मोठी पटाशी डावखुऱ्याला ठेवायची होती. हा माझ्या हाताखालचा कारागीर. तेवीस वर्षांपूर्वी मी त्याला हाकललं, कारण मी मापं घेत असताना याने गिऱ्हाइकाची चौकट कापूनही टाकली. मी त्याला उतावळा म्हणालो. तो दारातून म्हणाला, "मिस्त्री, तुमची पटाशी धार लावूनच संपेल, लाकडाला लागायची नाही." फार झोंबलं. पटाशीचं पातं तेव्हा वीतभर होतं, आज चार बोटं उरलं आहे. आणि चौकट, आता सांगतो, चपखल बसली होती.

पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे, आणि मला साक्षीला तोच हवा. मी खरंच सही केली, हे त्याने डोळ्यांनी बघावं. म्हणून पटाशी मरेपर्यंत न थांबता आत्ताच त्याच्या हातात दिली. हे लिहितो आहे तेव्हा तो समोरच बसला आहे. त्याने अंगठ्याने धार पाहिली.

"धार मात्र झकास आहे हो, मिस्त्री."

मुलगी हसली. मलाही हसू आलं, मग खोकला आला. तो उठून कापलेल्या पायऱ्या मोजून आला. "नऊ झाल्यात, पाच राहिल्या. दहावी आज घेऊ या?"

उद्या म्हणणार होतो. पण आतून भांड्याचा आवाज आला, मुलीने आधण ठेवलं होतं.

कलम ५. जिना पुरा व्हायच्या आत मी गेलो, तर उरलेल्या पायऱ्या डावखुऱ्याने बसवाव्यात. त्याने सर्वांसमोर हो म्हटलं आहे. मापं फळीवरच आहेत. पुन्हा घेऊ नयेत.

हा मजकूर मी चार वेळा वाचला. पाचव्यांदा मुलीने वाचू दिला नाही. सही करतो, आणि शाई वाळायची वाट न बघता दहाव्या पायरीला बसतो.

(सही) मिस्त्री

साक्षीदार:
१. डावखुरा, सुतार (सही, डाव्या हाताची)
२. शेजारच्या नर्सबाई, निवृत्त (सही)

ठिकाण: राहतं घर, खालची खोली, फळ्यांजवळ
दिनांक: आजचा