आईच्या कुंड्या

ताई,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुला सवड नव्हती. ती गेल्यावर मात्र टेम्पो घेऊन आलीस आणि गॅलरीतली तिची सगळी झाडं उचलून नेलीस. "आईची आठवण माझ्याकडे नको का?" म्हणालीस.

पुढे तुझाच फोन आला. "पानं पिवळी पडतायत गं, काय करू?"

मी खरं तेच सांगितलं. "पाणी कमी घाल, मुळं कुजतायत."

"माझी झाडं मरावीत असंच तुला वाटतंय," म्हणालीस आणि हट्टाने आणखी पाणी ओतत राहिलीस. झाडं मेली. आता मामीला सांगत फिरतेस की माझी नजर लागली.

हे पत्र पाठवणार नाही. तू ते रडत रडत सगळ्यांना वाचून दाखवशील आणि लोक तुझीच समजूत काढतील.

काल रिकाम्या कुंड्या माझ्या दारात टाकून, बेल न वाजवता गेलीस. मी त्या आत घेतलेल्या नाहीत, घेणारही नाही. पुन्हा यावंसं वाटलं, तर त्या ओलांडून ये.

आईची धाकटी