प्राध्यापकांचा उदंड प्रतिसाद

सोमवार, ५ जानेवारी
संकल्प: यंदा कॉलेजची ई-बुकं ग्रंथपालाने एकट्याने निवडायची नाहीत. प्राध्यापकांना सहभागी करून घेणार. तीन आठवडे ट्रायल. ज्याने त्याने आपल्या पासवर्डने पुस्तकं उघडायची, जास्त उघडली जातील ती घ्यायची. कोणीच उघडली नाहीत तर निधी जिमखान्याला, असं प्राचार्य म्हणाले. मी नुसता हसलो. धुळ्याच्या ग्रंथपाल परिषदेला भाषणाचा विषयही कळवून टाकला: 'प्राध्यापकांचा उदंड प्रतिसाद'.

बुधवार, ७
प्रतिसाद नाही. थंडी फार आहे.

सोमवार, १२
बॉटनीचे अमृत सर म्हणाले, तुम्हीच बघा ना. मराठीच्या दिपमाला मॅडमही तेच म्हणाल्या. फिजिक्सच्या अभिमन सरांनी तर पासवर्डची चिठ्ठीच परत दिली, हरवेल म्हणून. केवढा हा विश्वास!

गुरुवार, १५, दुपारी ३
ट्रायल दाखवायला भरीत-पुरी ठेवली. अठरा जण आले. भरीत संपलं. जाताना अठराही चिठ्ठ्या माझ्याच टेबलावर. एकीवर तेल.

शुक्रवार, १६
त्यांना सवय लागेपर्यंत त्यांच्या नावाने मीच उघडायचं ठरवलं. यात खोटेपणा नाही, नुसतं हातभार लावणं आहे. रोज पाचच.

मंगळवार, २०
आज एकशे चाळीस. अभिमन सरांच्या नावाने फिजिक्स उघडून डोकं दुखायला लागलं, म्हणून त्यांच्यासाठी मधमाशीपालन उघडलं. फार छान पुस्तक. चार वेळा उघडलं. शिपाई लताबाई झाडता झाडता म्हणाल्या, "सर, बठ्ठं तुम्हीच वाची राहिनात का?" सगळं मीच वाचतोय म्हणे! त्यांना यातलं तांत्रिक कळत नाही.

मंगळवार, २७
रिपोर्ट आला. सातशे बारा वेळा! निधी वाचला. प्राचार्य प्राध्यापकांवर भलतेच खूश. धुळ्यासाठी कोट इस्त्रीला टाकला.

शनिवार, ३१
प्राचार्यांनी आज रिपोर्टचं दुसरं पान वाचलं. ग्रंथपालाने स्वतःच्या पासवर्डने उघडलेली पुस्तकं: शून्य. मलाही पासवर्ड होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

खरं सांगायची सोय नाही. फार वाईट वाटलं. धुळ्याला आता अभिमन सर जाणार, सगळ्यांत जास्त वाचन त्यांचं म्हणून. शिवाय मला गोडी लागावी यासाठी सोमवारपासून तेच रोज अर्धा तास माझी शिकवणी घेणार.

संध्याकाळी अभिमन सर स्वतः आले होते. त्यांचाच पासवर्ड काय, असं विचारलं. चिठ्ठी दिली. भाषण लिहून तयारच होतं, तेही दिलं. मधमाश्यांचं कोणी विचारलं तर काय सांगू, असंही विचारत होते.